घरी जा, पण दिवस मोजून!

फी किती? पार्टटाइम जॉब मिळेल का? कोर्स संपल्यावर वर्क परमिट किती वर्षांचं? आणि पीआर कधी? परदेशी शिक्षणाच्या कुठल्याही सेमिनारला जाऊन बसा, प्रश्न हेच असतात. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही आणि समोरचा कन्सल्टंटही आपणहून सांगत नाही. उद्या तिकडे सेटल व्हायचं ठरवलं आणि मध्येच वडिलांचं ऑपरेशन निघालं, बहिणीचं लग्न ठरलं, आजी आजारी पडली आणि तीन-चार महिने घरी येऊन राहावं लागलं, तर त्या दिवसांचं काय होतं?

उत्तर सरळ आहे. ते दिवस मोजले जातात. तिकडचं नागरिकत्व मागायला गेलात की तुम्ही देशाबाहेर कधी गेलात, परत कधी आलात, याचा तारीखवार हिशेब द्यावा लागतो. अमेरिकेचा नागरिकत्वाचा अर्ज मागच्या पाच वर्षांतल्या २४ तासांपेक्षा मोठ्या प्रत्येक परदेश प्रवासाची माहिती मागतो. कॅनडाचं सरकार तर दिवस मोजायला ऑनलाइन कॅल्क्युलेटरच देतं.

विषय लांबचा वाटत असेल, तर हे आकडे बघा. संसदेत सरकारने दिलेल्या उत्तरांनुसार २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं. यातल्या कित्येकांचा प्रवास तुमच्यासारखाच सुरू झाला होता: एक मास्टर्सची ॲडमिशन, दोन सुटकेसेस आणि विमानतळावर सोडायला आलेलं अख्खं घर. तेव्हा पुढच्या दहा वर्षांच्या कॅलेंडरचा विचार कोण करतं? पण त्या कॅलेंडरचे नियम त्या दिवसापासूनच लागू झालेले असतात. किंवा लागू झालेले नसतात, आणि तेही तितकंच महत्त्वाचं आहे.

हजेरीपट देशाचा

कॉलेजची ७५ टक्के अटेंडन्स आठवा. तुम्हाला विषय किती कळला, हे हजेरीपट विचारत नाही. वर्गात होतात की नव्हतात, एवढंच विचारतो. नागरिकत्वाचा कायदाही साधारण असाच चालतो. एखादा माणूस देशात रुजला का, तिथल्या समाजाशी त्याची नाळ जुळली का, हे मोजायचं यंत्र कुठल्याच सरकारकडे नाही. दिवस मात्र मोजता येतात. म्हणून सरकारं दिवस मोजतात. फरक एवढाच की, कॉलेजमध्ये मेडिकल सर्टिफिकेट दाखवून डिफॉल्टर लिस्टमधून नाव काढून घेता येतं. इथे आई हॉस्पिटलमध्ये होती म्हणून गैरहजेरीचा दिवस हजेरीत जात नाही. काही देशांत अधिकाऱ्याला थोडी सवलत देता येते, पण ती तुमचा हक्क नसते.

कुठे किती हजेरी लागते, ते आधी पाहू.

कॅनडात अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस, म्हणजे तीन वर्षं, प्रत्यक्ष देशात असावं लागतं. ब्रिटनमध्ये उलट्या बाजूने मोजतात. नेहमीच्या पाच वर्षांच्या मार्गात देशाबाहेरचे दिवस ४५० पेक्षा जास्त नकोत आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० पेक्षा जास्त नकोत. शिवाय एक गमतीशीर अट आहे. अर्जाच्या तारखेच्या बरोबर पाच वर्षं आधी त्या दिवशी तुम्ही ब्रिटनमध्ये असायला हवं. त्या दिवशी तुम्ही पुण्यात दिवाळीचा फराळ खात असाल, तर अर्जाची तारीख पुढे ढकलायची. ऑस्ट्रेलियात चार वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं. त्यातलं शेवटचं किमान एक वर्ष पीआरवर हवं. चार वर्षांत मिळून बारा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर नको आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त नको.

अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षं, अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं असेल आणि संसार एकत्र असेल तर तीन वर्षं. पण तिथे एक नाही, दोन हिशेब असतात. पहिला प्रत्यक्ष हजेरीचा: पाच वर्षांतले किमान निम्मे, म्हणजे ९१३ दिवस देशात. दुसरा सलग वास्तव्याचा. बहुतेकांचा गोंधळ होतो तो या दुसऱ्या हिशेबात. त्याकडे येऊच.

शिकण्याचे दिवस धरतात का?

कॉलेजात असणाऱ्यांसाठी सगळ्यात कामाचा मुद्दा हा. तुम्ही विद्यार्थी म्हणून तिकडे जी दोन-तीन वर्षं काढाल, ती या हजेरीपटावर लागतात का? देश बदलला की उत्तर बदलतं.

ऑस्ट्रेलियात लागतात. चार वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यात विद्यार्थी व्हिसावरचा काळ धरतात, फक्त शेवटचं वर्ष पीआरचं हवं. कॅनडात अर्धे लागतात. पीआर मिळण्याआधी विद्यार्थी किंवा कामगार म्हणून काढलेला प्रत्येक दिवस अर्धा दिवस धरला जातो आणि असे जास्तीत जास्त ३६५ दिवस पदरात पडतात. अमेरिकेत शून्य. विद्यार्थी व्हिसाची वर्षं नाहीत, त्यानंतरची एच-वन-बीची वर्षंही नाहीत. मोजणी ग्रीन कार्डाच्या दिवसापासून. आणि भारतात जन्मलेल्यांसाठी नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे, हे तुमच्या ओळखीतला कुठलाही आयटीवाला दादा सांगेल. त्या रांगेत उभं राहण्याची वर्षंही हिशेबात शून्यच.

आयर्लंडला जाणाऱ्यांची संख्या हल्ली वाढली आहे, म्हणून तिथलंही सांगायला हवं. तिथे मागच्या नऊ वर्षांत मिळून पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, पण विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या ‘स्टॅम्प टू’वरचे दिवस त्यात धरत नाहीत. ब्रिटनमध्ये नागरिकत्वाआधी कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे आयएलआर घ्यावा लागतो. स्किल्ड वर्करच्या पाच वर्षांच्या मार्गात विद्यार्थी व्हिसाची वर्षं मोजत नाहीत. सलग दहा वर्षांच्या वास्तव्याचा वेगळा मार्ग आहे, त्यात मोजतात.

याचा अर्थ असा की, एकाच बॅचमधले तीन मित्र एकाच महिन्यात टोरँटो, सिडनी आणि शिकागोला गेले, तिघांनी दोन वर्षं सारखाच अभ्यास केला, सारखेच बर्फात किंवा उन्हात राबले, तरी नागरिकत्वाच्या खात्यात एकाची दोन वर्षं जमा होतील, एकाचं एक आणि एकाचं काहीच नाही. सेमिनारमधल्या ब्रोशरवर युनिव्हर्सिटीचं रँकिंग असतं. हे नसतं.

उशीर की थेट शून्य?

आता घरी येण्याकडे वळू. परदेशवारीचा फटका दोन प्रकारचा असतो आणि तो ओळखता आला पाहिजे. पहिल्या प्रकारात तुम्ही जितके दिवस बाहेर, तितकाच उशीर. दुसऱ्यात एक रेष असते. ती ओलांडली की साठवलेली वर्षंच हातची जातात.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण कॅनडा. समजा, नाशिकची एक मुलगी १ सप्टेंबर २०२६ ला शिकायला कॅनडात जाते. दोन वर्षं कोर्स, एक वर्ष नोकरी आणि १ सप्टेंबर २०२९ ला पीआर. आधीच्या तीन वर्षांचे तिला अर्ध्याच्या हिशेबाने जास्तीत जास्त ३६५ दिवस मिळतील. उरले ७३०. कुठेही न जाता राहिली, तर २०३१ च्या ऑगस्टअखेर तिचे १,०९५ दिवस भरतील. मध्ये वडिलांच्या आजारपणासाठी ती चार महिने नाशिकला आली, तर तारीख डिसेंबर २०३१ च्या अखेरीवर जाईल. चार महिन्यांचे चार महिने. वाईट वाटेल, पण आधीची मेहनत कुणी पुसत नाही. आणि जाण्याचा व येण्याचा दिवस कॅनडात असल्याचाच धरतात, त्यामुळे तेवढी दिलासा देणारी भर.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण अमेरिका. ग्रीन कार्डधारक एका खेपेला सहा महिन्यांच्या आत परतला, तर सलग वास्तव्याला सहसा धक्का लागत नाही. सहा महिन्यांहून जास्त, पण वर्षाच्या आत परतला, तर ‘वास्तव्य तुटलं’ असं गृहीत धरतात. मग ते तुटलेलं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. तिकडची नोकरी सोडली नव्हती, घर ठेवलं होतं, बायको-मुलं तिथेच होती, टॅक्स भरला होता, असे कागद काढून दाखवायचे. आणि सलग एक वर्ष किंवा जास्त बाहेर राहिला, तर वास्तव्य तुटलंच. परत आल्यावर किमान चार वर्षं आणि एक दिवस थांबल्याशिवाय अर्ज करता येत नाही. चार वर्षं पूर्ण झालेला माणूस आईच्या शुश्रूषेसाठी तेरा महिने नागपुरात राहिला, तर तो जवळजवळ पहिल्या पायरीवर येतो.

यात एक मोठा गैरसमज आहे. लांब जाण्याआधी ‘री-एंट्री परमिट’ काढलं की सगळं सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. ते परमिट साधारण दोन वर्षांपर्यंत ग्रीन कार्ड वाचवायला मदत करतं. नागरिकत्वाचं घड्याळ ते वाचवत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज असतो आणि तो अमेरिकन सरकार, ठरावीक अमेरिकन कंपन्या, संशोधन संस्था अशांच्या कामासाठी बाहेर जाणाऱ्यांना मिळतो. घरगुती अडचणीसाठी तशी सोय नाही.

दुसरा गैरसमज व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतो: ‘सहा महिन्यांतून एकदा चक्कर मारून ये, बास.’ पाच-साडेपाच महिने इकडे, पंधरा दिवस तिकडे असं केलं, तर सहा महिन्यांची रेष पाळली जाते, पण ९१३ दिवस कधीच भरत नाहीत. शिवाय तुमचं खरं घर तिकडे आहे का, हा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

आणि तिसरी गोष्ट. पीआर टिकवण्याचे दिवस वेगळे आणि नागरिकत्वाचे दिवस वेगळे. कॅनडात पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस पुरतात, नागरिकत्वाला १,०९५ लागतात. ब्रिटनमध्ये आयएलआरसाठी कुठल्याही बारा महिन्यांत १८० पेक्षा जास्त दिवस बाहेर नको, नागरिकत्वाचा हिशेब मात्र ४५० आणि ९० चा. टॅक्ससाठी निवासी की अनिवासी, हा हिशेब तर या दोन्हींपेक्षा निराळा. ‘माझे दिवस भरले’ असं कुणी म्हणालं की ‘कशाचे?’ हे आधी विचारा.

राहणं म्हणजे नेमकं काय?

इथे एक मूळ प्रश्न आहे. एखाद्या ठिकाणी राहणं म्हणजे तिथे शरीराने असणं, की तिथे आपलं घर असणं? तुम्ही सोलापूरहून पुण्याला शिकायला आलात. हॉस्टेलवर वर्षातले दहा महिने काढता. तरी ‘कुठली गं तू?’ असं विचारलं की तोंडून ‘सोलापूर’च येतं. मग तुम्ही राहता कुठे?

कॅनडातल्या न्यायाधीशांना हा प्रश्न अनेक वर्षं पडला होता, कारण तिथल्या कायद्यात ‘वास्तव्य’ शब्द होता, पण व्याख्या नव्हती. १९७८ मध्ये फेडरल कोर्टापुढे एका ग्रीक विद्यार्थ्याचं प्रकरण आलं. त्याचं बस्तान कॅनडात होतं, पण पुढच्या शिक्षणासाठी तो अमेरिकेत जाऊन राहिला होता. त्याच्या आयुष्याचं केंद्र कॅनडातच आहे, तेव्हा शिक्षणापुरतं बाहेर राहिल्याने वास्तव्य संपत नाही, असा निकाल त्याच्या बाजूने लागला. पुढे नव्वदच्या दशकात दुसऱ्या एका न्यायाधीशांनी अगदी उलटी भूमिका घेतली: देशात प्रत्यक्ष राहिल्याशिवाय, तिथल्या लोकांत मिसळल्याशिवाय माणूस कॅनेडियन होत नाही, तेव्हा दिवस मोजा. तिसऱ्या निकालाने मधला मार्ग काढला आणि सहा प्रश्नांची कसोटी दिली. कुटुंब कुठे आहे, गैरहजेरी तात्पुरती आहे का, माणूस परत येतो तेव्हा घरी आल्यासारखा येतो की पाहुण्यासारखा, अशा धर्तीचे प्रश्न.

ऐकायला तिसरी कसोटी सगळ्यात माणुसकीची वाटते. पण परिणाम काय झाला? तीन कसोट्या एकाच वेळी चालू राहिल्या. तुमचा अर्ज कुठल्या न्यायाधीशापुढे जातो, यावर तुमचं नशीब ठरू लागलं. त्यात फसवणूकही शिरली. काही एजंट लोक पैसे घेऊन कॅनडातला खोटा पत्ता आणि खोटी कागदपत्रं तयार करून द्यायचे, माणूस प्रत्यक्षात दुसऱ्याच देशात. सप्टेंबर २०१२ मध्ये तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री जेसन केनी यांनी अशा फसवणुकीवरून ३,१०० जणांचं नागरिकत्व काढून घेण्याची प्रक्रिया सुरू असल्याचं जाहीर केलं. शेवटी २०१५ मध्ये कायद्याने ‘प्रत्यक्ष हजेरी’ हीच अट लिहून टाकली.

आणि मग ती राजकारणाच्या हातात गेली. हार्पर यांच्या कॉन्झर्वेटिव्ह सरकारने सहा वर्षांत १,४६० दिवस अशी अट केली, वर चार वर्षांत दरवर्षी किमान १८३ दिवस हवेत असंही घातलं आणि विद्यार्थ्यांना मिळणारे अर्धे दिवस बंद केले. ट्रुडो यांच्या लिबरल सरकारने ऑक्टोबर २०१७ पासून पुन्हा १,०९५ वर आणलं आणि अर्धे दिवस परत दिले. दोन वर्षांत दोन गणितं. २०१५ मध्ये टोरँटोला शिकणाऱ्याच्या खात्यातले दिवस सरकारच्या एका सहीने गेले आणि दुसऱ्या सहीने आले.

हे फक्त कॅनडाचं नाही. जर्मनीने जून २०२४ मध्ये आठ वर्षांची अट पाचवर आणली आणि विशेष चांगलं जमवून घेतलेल्यांसाठी तीन वर्षांचा मार्ग उघडला. सरकार बदललं, ऑक्टोबर २०२५ मध्ये तो तीन वर्षांचा मार्ग बंद झाला. ब्रिटनने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्याची नेहमीची मुदत पाचवरून दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे आज तुम्ही वाचताय तो आकडा तुमच्या अर्जाच्या दिवशी तोच असेल, याची हमी कुणीच देऊ शकत नाही. या लेखातलेसुद्धा आकडे निर्णय घेण्याआधी त्या त्या सरकारच्या साइटवर ताडून पाहा.

एका दिवसाचा धसका

शब्दाला चिकटून बसलं की काय होतं, ते आयर्लंडने २०१९ मध्ये अनुभवलं. तिथे अर्जाआधीचं शेवटचं एक वर्ष ‘सलग’ वास्तव्य हवं, असं कायदा म्हणत होता. सरकार सुट्टीसाठी साधारण सहा आठवड्यांची गैरहजेरी चालवून घेत असे. एका ऑस्ट्रेलियन माणसाचा अर्ज त्या वर्षात शंभर दिवस बाहेर असल्याने नाकारला गेला, म्हणून तो हायकोर्टात गेला. जुलै २०१९ मध्ये हायकोर्टाने जो निकाल दिला, त्याने सगळेच हादरले. सलग म्हणजे सलग, एकही दिवस खंड नको आणि सरकारला सहा आठवड्यांची सूट द्यायचाही अधिकार नाही!

विचार करा. डब्लिनमध्ये राहणाऱ्या माणसाने एखादा शनिवार बेलफास्टला जाऊन रात्रीचा मुक्काम केला, तरी वर्ष मोडलं, कारण बेलफास्ट ब्रिटनच्या ताब्यात. अर्जाच्या तयारीत असलेल्यांनी घरी जायची तिकिटं रद्द करावीत की काय, अशी वेळ आली. नोव्हेंबर २०१९ मध्ये अपील कोर्टाने तो अर्थ फारच ताठर ठरवला आणि लोकांनी श्वास सोडला. पुढे २०२३ मध्ये कायद्यातच आकडा आला: त्या वर्षात ७० दिवसांपर्यंतची गैरहजेरी चालेल, अपवादात्मक कारण असेल तर आणखी ३० दिवस.

या ‘आणखी ३० दिवसां’कडे नीट बघा. कठोर हजेरीपटात माणसासाठी ठेवलेली ती छोटीशी जागा आहे. घरातलं आजारपण, मृत्यू यांचा विचार कायदा करू शकतो, हे त्यातून दिसतं. हजेरी मोजणं आणि कारण ऐकणं या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात बसू शकतात. बसवायच्या की नाहीत, हा इच्छेचा प्रश्न आहे.

आपण तरी काय वेगळं करतो?

तिकडच्या नियमांवर चिडण्याआधी आपला कायदाही बघू. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी माणसाला देशीयकरणाने भारतीय व्हायचं असेल, तर अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षं भारतात काढावी लागतात. वर पाहिलेल्या देशांपेक्षा आपली अट कितीतरी कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ठरावीक देशांतून आलेल्या ठरावीक धर्मांच्या लोकांसाठी अकराची पाच वर्षं केली, त्यावरून झालेला वाद तुम्हाला माहीत आहेच. पण २०१५ ची एक छोटी दुरुस्ती फारशी कुणाला ठाऊक नसते. विशेष परिस्थिती असेल, तर शेवटच्या बारा महिन्यांत एकूण ३० दिवसांपर्यंतची सूट केंद्र सरकार लेखी कारण नोंदवून देऊ शकतं, तीही तुकड्या-तुकड्यांनी. भारतीय माणसाशी लग्न करून इथे नांदणाऱ्या परदेशी सुनेचे किंवा जावयाचे वडील तिकडे गेले, तर तिला किंवा त्याला अंत्यविधीला जाता यावं, एवढी तरी ती जागा.

थांबल्याशिवाय जाता येत नाही

मग लोक एवढा खटाटोप का करतात? कारण पीआर म्हणजे हक्क नव्हे, परवाना आहे. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेने सात देशांच्या नागरिकांवर प्रवासबंदी घातली, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस त्या देशांचे ग्रीन कार्डधारकही विमानतळांवर अडकले होते. कोविडमध्ये ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या, तेव्हा विद्यार्थी व्हिसावरच्या बहुतेकांना डिसेंबर २०२१ पर्यंत परत जाता आलं नाही. नागरिकाला सहसा असं दारातून परतवत नाहीत. ‘सहसा’ म्हणायचं, कारण मे २०२१ मध्ये त्याच ऑस्ट्रेलियाने भारतातून येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही सुमारे दोन आठवडे बंदी केली होती आणि मोडल्यास तुरुंगाची भीती घातली होती.

तरीही मोठा फरक असा की, नागरिकत्व मिळाल्यावर दिवस मोजणं थांबतं. मग तुम्ही दोन वर्षं आईजवळ कोल्हापुरात राहा, कुणी हिशेब मागत नाही. म्हणूनच कित्येकजण तिकडचा पासपोर्ट घेतात तो तिकडे कायमचं राहण्यासाठी नाही, तर निवांतपणे इकडे येता यावं म्हणून. मोकळेपणाने घरी जाता यावं, यासाठी आधी काही वर्षं घरी न जाता काढायची, असा हा उलटा न्याय आहे. आणि ती वर्षं नेमकी कुठली असतात? तुम्ही तिशीत असता, आई-वडील साठीत-पासष्टीत. घरी सगळ्यात जास्त गरज असते तीच वर्षं.

त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्याच्या घरी भाऊ-बहीण बघायला आहेत, ज्याचे आई-वडील व्हिजिटर व्हिसावर तिकडे येऊन राहू शकतात, त्याला हे जमून जातं. एकुलत्या एक मुलीला, किंवा ज्याच्या घरी शेतीवाडी टाकून कुणाला निघता येत नाही त्याला, प्रत्येक तिकीट बुक करताना दोन हिशेब घालावे लागतात. हजेरीपट मात्र दोघांना एकाच मापाने मोजतो.

आणखी एक गोष्ट. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, पासपोर्ट परत करावा लागतो. जर्मनीने आता दुहेरी नागरिकत्व चालेल म्हटलं, तरी आपल्याकडून दार बंदच. त्यानंतर ओसीआय कार्ड काढून आयुष्यभर ये-जा करता येते, पण मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे जमीन असलेल्या घरांत ही शेवटची गोष्ट आधी बोलून घेतलेली बरी.

मग करायचं काय?

घाबरायचं कारण नाही आणि घरी येणं टाळायचंही नाही. फक्त डोळे उघडे ठेवून जायचं. विमानात बसण्याआधी एवढं करा:

• देश निवडताना फी आणि रँकिंगच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: शिकण्याचे दिवस पूर्ण, अर्धे की शून्य?

• पहिल्या प्रवासापासून एक साधी एक्सेल शीट ठेवा. गेल्याची तारीख, आल्याची तारीख, कारण. बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा. सात वर्षांनी काही आठवत नाही आणि अर्जात चुकीची तारीख पडली, तर ती खोटी माहिती समजली जाऊ शकते.

• लांबच्या सुट्टीआधी स्वतःला विचारा: याने मला उशीर होणार आहे, की मी एखादी रेष ओलांडून शून्यावर येणार आहे? उशीर असेल तर बिनधास्त जा. रेष असेल तर जाण्याआधी वकिलाशी बोला, आल्यावर नाही.

• पीआरचे, नागरिकत्वाचे आणि टॅक्सचे दिवस वेगवेगळे मोजा.

• आई-वडिलांना हे गणित सांगून ठेवा. ‘पोरगा येत नाही’ आणि ‘पोराला अजून चार महिने येता येत नाही’ यात त्यांच्यासाठी फार मोठा फरक असतो.

आणि समजा, ऐन मोक्याच्या वर्षी घरून फोन आला, तर? तेव्हा हा लेख बाजूला ठेवा. पासपोर्ट सहा महिने, वर्ष, अगदी चार वर्षं उशिरा मिळू शकतो. वडिलांच्या ऑपरेशनची तारीख तशी पुढे जात नाही. फक्त त्या वेळी आपण नेमकं काय मागे टाकून निघतोय, ते माहीत असू द्या.